तात्याला मनोऱ्यावर चढवण्याआधी

तात्या हा माझा क्रॉसबोवाला, टेबलावरच्या लढाईच्या खेळातला छोटासा पुतळा, म्हणजे मॉडेल. २८ मिलिमीटरचा, पांढऱ्या मिशांचा, रंगवताना हात हलल्यामुळे एका डोळ्याने कायम आश्चर्यचकित. मोर्डहाइम नावाच्या अशाच एका खेळात त्याला घेऊन पहिल्यांदा खेळले तेव्हा टेबलाच्या मधोमध एक मोडका मनोरा होता. एक मजला ३ इंचांवर, त्याच्या वरचा ६ इंचांवर. क्रॉसबोचा टप्पा ३० इंच. वर उभा राहिला की सगळं टेबल दिसणार, आणि दिसेल तो पडणार, असा माझा सरळ हिशेब होता.

पहिल्या टर्नला तात्या ३ इंच चढला. दुसऱ्या टर्नला इनिशिएटिव्हची (चपळाईची) चाचणी फसली आणि तो मधल्या मजल्यावरच घुटमळला. तिसऱ्याला वर पोचला, पण क्रॉसबो घेऊन एकाच टर्नमध्ये हलून मारता येत नाही. चौथ्याला बाण सोडला, तो चुकला. तोवर धाकट्या भावाची उंदीरमाणसं मनोऱ्याच्या पायथ्याशी भिंतीला चिकटून उभी होती आणि तात्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं. मग लांबून कुठूनतरी गोफणीचा दगड आला. तात्या आडवा झाला, कडेपासून अर्ध्या इंचावर. मोर्डहाइममध्ये छताच्या कडेच्या १ इंचाच्या आत कोणी असं आडवं झालं की पुन्हा इनिशिएटिव्हची चाचणी. ३ किंवा कमी हवे होते, फाशावर आले ५. पडल्यावर उंचीच्या इंचांइतक्या ताकदीचे १ ते ३ फटके बसतात, म्हणजे इथे ताकद ६. भावाने अगदी शांतपणे विचारलं, ‘याला आता उचलून ठेवू का?’

उंटावरून शेळ्या हाकायला गेले होते, उंटासकट खाली आले. त्यानंतरच्या कैक डावांत मी उंचीचा हिशेब वहीत मांडायला लागले. त्यातला कामाचा भाग इथे देते आहे. गेम कुठलाही असो, बराचसा लागू पडेल.

आधी रूलबुक काय म्हणतं ते बघा

उंचीवरून मारलं की काहीतरी बोनस असणारच, असं आपण गृहीत धरून बसतो. निम्म्या गेममध्ये तसा काही बोनस नसतो, आणि जिथे असतो तिथे त्याला अटी असतात.

वॉरहॅमर ४०,०००च्या २०२३च्या दहाव्या आवृत्तीत पडक्या इमारतींसाठी ‘प्लंजिंग फायर’ आहे. मारणारा मॉडेल जमिनीपासून ६ इंच किंवा अधिक उंच हवा आणि समोरच्या युनिटमधला प्रत्येक मॉडेल जमिनीवर हवा. मग तुमच्या शस्त्राचा एपी, म्हणजे चिलखत भेदायची ताकद, १ने सुधारतो. म्हणजे समोरच्या टोळीतला एकजण जरी दोन पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर उभा असेल तर बोनस गेला. आणि तुमच्या इमारतीचा मजला ५ इंचांवर असेल तर तिथे उभं राहून फक्त देखावा बघायचा. मी घरी बनवलेल्या पहिल्या दोन इमारतींचे मजले सव्वापाच इंचांवर आहेत. त्या आता मागच्या रांगेत शोभेला असतात.

हा एपी कोणाविरुद्ध लागतो तेही बघा. शून्य एपीच्या गोळ्या उघड्यावरच्या ६+ सेव्हच्या (म्हणजे फाशावर ६ आले तरच चिलखत वाचवतं अशा) टोळीवर मारल्या तर सहापैकी पाच फाशांवर ते मरत होते, आता सहापैकी सहावर मरतील. फायदा आहे, पण थोडा. ४+ वाल्यांचं मरण तीनावरून चारावर जातं. २+ सेव्हच्या जाड चिलखतवाल्यांचं मात्र एकावरून दोनावर जातं, म्हणजे थेट दुप्पट. मनोऱ्यावरून किरकोळ गर्दीवर मारण्यात मजा येते खरी, पण उंचीचे पैसे वसूल होतात ते चिलखतावर.

त्यातही एक मेख आहे, आणि ती कळायला मला तीन डाव लागले. ३+ किंवा त्याहून चांगला सेव्ह असलेल्याला शून्य एपीच्या हल्ल्याविरुद्ध आडोशाचा फायदा मिळत नाही. पण वरून मारल्यामुळे तुमचा एपी शून्य राहतच नाही, त्यामुळे त्याला आडोसा लागू होतो. एपीने १ काढला, आडोशाने १ परत दिला. म्हणजे आडोशातल्या ३+ वाल्यावर शून्य एपीची बंदूक वरून मारा नाहीतर खालून, तो ३+ वरच वाचतो. दोन टर्न जिने चढून मिळवलं काय, तर भोपळा.

किल टीमच्या २०२४च्या आवृत्तीत हिशेब वेगळा आहे. व्हँटेजवर, म्हणजे उंच जागेवर, उभं राहून किमान २ इंच खालच्या, एंगेज (लढायच्या) ऑर्डरवरच्या माणसावर मारलंत तर ‘ॲक्युरेट १’, ४ इंच खाली असेल तर ‘ॲक्युरेट २’. म्हणजे तेवढे फासे न टाकताच साधा नेम लागला असं धरायचं. इथे गंमत अशी की चांगल्या नेमबाजापेक्षा सुमार नेमबाजाला याचा उपयोग जास्त. चार फासे आणि ३+ वर नेम असेल तर सरासरी २.६७ नेम लागायचे, ते ॲक्युरेट १ मुळे ३ होतात. ५+ वाल्याचे १.३३ वरून २ होतात. शिवाय न टाकलेल्या फाशावर सहा कधीच येत नाही, त्यामुळे ज्याची सगळी कमाई क्रिटिकलवर (जबर फटक्यावर) आहे त्याने हा बोनस घेताना दोनदा विचार करावा. किल टीममध्ये उंचीचा खरा हिसका निराळाच आहे: कन्सील (लपायची) ऑर्डर घेऊन हलक्या आडोशामागे दडून बसलेला माणूस २ इंच खाली असेल तर त्याला तो हलका आडोसा कव्हर म्हणून वापरता येत नाही. लपलेला उंदीर बिळाबाहेर दिसायला लागतो. मी व्हँटेज घेते ती मुख्यतः यासाठी.

मोर्डहाइममध्ये नेम सुधारत नाही, निवड सुधारते. एरवी सगळ्यात जवळच्या शत्रूवरच मारावं लागतं. टेबलापासून २ इंचांहून उंच उभे असाल तर दिसेल त्यातला कोणीही निवडता येतो, फक्त त्याच इमारतीत शत्रू दिसत असेल तर आधी तो. म्हणजे पुढे पाठवलेली बिनकामाची पोरं सोडून मागचा पुढारी टिपता येतो. लक्षात घ्या, २ इंच. यासाठी ६ इंच चढायची गरज नव्हतीच, तात्याने पहिल्या मजल्यावरून हेच केलं असतं.

इन्फिनिटी या खेळात उंचीला बोनस नाही, पण आडोशाला टेकलेल्यावर मारताना नेमात जे उणे ३ होतात ते वरून कोन साधून टाळता आले तर तेवढं पुरतं. फ्रॉस्टग्रेव्हमध्येही तसंच, हलका आडोसा २ आणि भक्कम आडोसा ४ खातो, तो उंचीवरून चुकवायचा. बॅटलटेकमध्ये टेकडीच्या एकेका पातळीला मेकची (महाकाय यंत्रमानवाची) एक जादा चाल जाते, एका वेळी दोनपेक्षा जास्त पातळ्या चढता येत नाहीत, आणि वर जाऊन मिळते ती फक्त नजर. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतही उंचीवरून धनुष्याला आपोआप काही मिळत नाही. संगणकावर खेळून आलेली मंडळी +२ मागतात, त्यांना प्रेमाने नाही म्हणावं.

टॉर्च आणि दोरा

बोनस असो वा नसो, उंचीवर जायचं ते नजरेसाठी. आणि नजर मोजायची माझी पद्धत सोपी आहे. खोलीतले दिवे घालवा. किल्ल्यांच्या जुडग्याला असतो तसला छोटा टॉर्च मॉडेलच्या डोक्याजवळ धरा. टेबलावर जिथे जिथे सावली पडेल ती सगळी जागा तुमच्या माणसाला आंधळी. पहिल्यांदा केलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले, कारण सावल्या मला वाटल्या होत्या तिथे नव्हत्याच.

दोन प्रकारच्या सावल्या पडतात. एक, लांबच्या भिंतींच्या मागे. दुसरी, तुमच्या स्वतःच्या पायाखालच्या मजल्याची.

आधी लांबची. २८ मिलिमीटरच्या मॉडेलचा डोळा बेससकट (पायाखालच्या चकतीसकट) साधारण सव्वा इंचावर येतो. समजा तुमच्यापासून १२ इंचांवर ३ इंच उंच भिंत आहे आणि तिच्यामागे तुमच्याच उंचीचा शत्रू उभा आहे. जमिनीवरून बघितलं तर तो कितीही मागे गेला तरी दिसणार नाही. ३ इंचांच्या मजल्यावरून बघितलं तर भिंतीमागचे सुमारे १७ इंच आंधळे राहतात. ६ इंचांवरून तेच फक्त ५ इंच उरतात. ९ इंचांवर गेलात तर ३.

हे आकडे मी दोनदा तपासले, आणि मग तात्याचे जिने कमी केले. ३ वरून ६ वर जाण्यात १२ इंच जागा उघडी पडते. ६ वरून ९ वर जाण्यात फक्त २. म्हणजे टेबलावरच्या सर्वसाधारण भिंतीच्या दुप्पट उंची गाठली की पुढचं चढणं जवळजवळ हौसेचं. आणि ही सावली अंतरासोबत वाढते: तीच भिंत २४ इंचांवर असेल तर ६ इंचांच्या मजल्यावरून ५ ऐवजी १० इंच आंधळे. त्यामुळे टेबलाच्या मागच्या टोकाचा उंच मनोरा हा पुष्कळदा मधल्या बुटक्या घरापेक्षा वाईट ठरतो.

टॉर्च नसेल तर दोरा घ्या. एक टोक मॉडेलच्या डोळ्याशी, भिंतीच्या माथ्यावरून ताणून दुसरं टोक टेबलाकडे न्या. समोरच्याशी वाद झाला तरी दोरा खोटं बोलत नाही, हा त्याचा दुसरा उपयोग. एक मात्र बघून ठेवा: काही गेममध्ये डोळ्यातून डोळ्याकडे बघायचं असतं, तर वॉरहॅमर ४०,०००मध्ये मॉडेलचा कुठलाही भाग कुठल्याही भागाला दिसला तरी चालतं. तिथे दोरा बंदुकीच्या टोकाशी धरला तरी तक्रार नसावी.

कडेपासून किती मागे

आता पायाखालची सावली. पायथ्याची उंदीरमाणसं तात्याला दिसली नाहीत ती हिच्यामुळे.

६ इंचांच्या मजल्यावर, कडेपासून १ इंच मागे उभं राहा. डोळ्यापासून मजल्याच्या कडेवरून खाली दोरा ताणा. इमारतीच्या बुंध्यापासून जवळजवळ ४ इंचांपर्यंत उभा असलेला माणूस पूर्ण झाकला जातो. आता मॉडेल ३ इंच मागे सरकवा, सुरक्षित वाटावं म्हणून. आंधळी जागा ११ इंचांच्या वर जाते. आणि अगदी कडेला, २५ मिलिमीटरचा बेस मजल्यावर पुरा मावेल इतक्याच मागे उभं राहा, म्हणजे डोळा कडेपासून अर्धा इंच आत. आंधळी जागा २ इंचांच्या आत येते.

एका इंचाला एवढा फरक पडतो. आणि हाच एक इंच मोर्डहाइममध्ये पडण्याची हद्द ठरवतो. कडेला जावं तर दिसतं पण पडायची भीती. मागे सरावं तर जीव वाचतो पण पायथ्याशी शत्रू मजेत शिडी लावतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी आता असं करते. शत्रू १५ इंचांच्या पलीकडे असेपर्यंत कडेपासून इंचापेक्षा थोडं जास्त मागे. लांबचं टिपायला तेवढं पुरतं, तिरक्या रेषेला कड आड येत नाही. शत्रू जवळ आला की पुढे सरकायचं नाही, उलट तोवर तिथून उतरलेलं असायचं. पायथ्याची राखण ही वरच्या माणसाची जबाबदारी समजूच नका. त्यासाठी खाली, दाराशी, ढाल घेतलेला एकजण उभा करा, मग त्याला कितीही कंटाळा येवो.

कठडा असेल तर सगळे आकडे बदलतात. अर्ध्या इंचाचा कठडा आडोसा म्हणून छान, पण अगदी त्याला टेकून उभं राहिलं तरी बुंध्याजवळचे ३॥ इंच आंधळे होतात. १ इंचाच्या कठड्यामागे तर डोळा जेमतेम पाव इंच वर उरतो, आणि खालचे ११-१२ इंच गेले. असल्या कठड्यामागचा नेमबाज मरत नाही. मात्र जवळ आलेल्यांना तो मारतही नाही. इमारत स्वतः बनवत असाल तर एका बाजूला कठडा ठेवा आणि दुसरी बाजू पडकी. दोन्ही सोयी एकाच मजल्यावर मिळतात, शिवाय पडकी बाजू रंगवायला मजा येते.

पडण्याचा दर प्रत्येक गेममध्ये निराळा. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये ३ इंचांहून जास्त पडलात तर जितके इंच त्याच्या दीडपट नुकसान. ६ इंचांना ९, आणि साध्या सैनिकाची हेल्थ १०. समोरच्या जादूगाराकडे ढकलण्याचा मंत्र असेल तर छतावरचा धनुर्धारी त्याच्यासाठी टांगलेला लिंबूच. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये दर १० फुटांना एक डी६ (सहा बाजूंचा फासा), कमाल वीस फासे. तिथे दुमजली घरावरून पडणं फारसं जिव्हारी लागत नाही, त्यामुळे खुशाल कडेला उभे राहा.

टप्पा तिरका मोजला जातो

बहुतेक गेममध्ये अंतर मॉडेलपासून मॉडेलपर्यंत तिरकं मोजतात. ६ इंच उंचीवरून ३० इंचांचा क्रॉसबो जमिनीवर मोजला तर २९.४ इंच पोचतो, म्हणजे काहीच गेलं नाही. १२ इंचांचं पिस्तूल मात्र १०.४ वर येतं, आणि ९ इंच उंचीवरून तर ८ इंचांच्याही आत. त्यातले पायथ्याचे ४ ते ६ इंच आधीच आंधळे. उरला तो चिंचोळा पट्टा. पिस्तूलवाल्याला वर पाठवू नका, एवढंच.

चढायला लागणारे टर्न

उंचीची किंमत टर्नमध्ये मोजा. पाच राउंडच्या खेळात दोन राउंड चढण्यात गेले तर मारायला तीन उरतात. अर्ध्या उंचीवरून चार मिळत असतील तर वरचं दृश्य तेवढं भारी असायला हवं.

वॉरहॅमर ४०,०००मध्ये उभी चालही चालीतच धरतात, आणि ६ इंच चालणाऱ्या शिपायाला ६ इंचांचा मजला म्हणजे अख्खी चाल. धावत गेला तर बहुतेक शस्त्रं त्या टर्नला गप्प. जड शस्त्राला जागेवर उभं राहून मारल्याचा +१ असतो, तोही चढत्या टर्नला जातो. म्हणून तैनातीच्या हद्दीत उंच जागा असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधीच माणूस वर ठेवा. टेबलाची बाजू निवडायला मिळाली तर मी सगळ्यात आधी हेच बघते: माझ्या हद्दीत ६ इंचांवर पाच बेस मावतील असा मजला आहे का. ‘मावतील असा’ यावर जोर. ३२ मिलिमीटरचे पाच बेस आणि वर पडका खांब अशी गर्दी करून बघा एकदा.

मोर्डहाइममध्ये आणखी कडक आहे. आपल्या चालीपेक्षा उंच भिंत चढताच येत नाही. ४ इंच चालणाऱ्या माणसाला ६ इंचांची सरळ भिंत बंद. मधे मजला किंवा शिडी हवीच. फ्रॉस्टग्रेव्हमध्ये चढताना एका इंचाला दोन इंच चाल लागते. तिथे ६ इंच म्हणजे १२ इंच चालल्यासारखं.

चढताना कोणत्या बाजूने चढता तेही महत्त्वाचं. शत्रूच्या समोरच्या बाजूने भिंतीवर लटकलेला क्रॉसबोवाला हे फार करुण दृश्य असतं. मागच्या बाजूने एक टर्न जास्त लागला तरी मागूनच चढा.

कोणाला चढवायचं

ज्याचं शस्त्र लांबचं, जो एरवीही उभाच राहणार, आणि जो गेला तर तुमचा डाव जाणार नाही, त्याला. तिसरी अट सगळे विसरतात. वर गेलेला माणूस टेबलावरच्या प्रत्येकाला दिसतो. त्याने पाहिलं म्हणजे त्यालाही पाहिलं. मी एकदा पुढाऱ्यालाच छतावर उभं केलं, भाषण देणार असल्यासारखं. भाषण छोटंच झालं.

उद्दिष्ट पकडायला ज्याची गरज आहे, त्याला तर मुळीच नको. वरून टिपून गुण मिळत नाहीत असे कितीतरी सामने असतात, आणि शेवटच्या टर्नला माझे तीन उत्तम नेमबाज छतावरून भावाला खजिना उचलून नेताना बघत उभे आहेत, असंही झालं आहे.

झोपण्याची सोय असलेल्या गेममध्ये छताची किंमत दुप्पट होते. इन्फिनिटीत छतावर पालथं पडलं की खालच्यांना सहसा दिसतच नाही. उठायचं ते योग्य वेळी. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत पालथं पडायला चाल लागत नाही, उठायला मात्र निम्मी लागते. आणि पालथ्या माणसावर ५ फुटांपलीकडून मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. म्हणून उभं राहून बाण सोडा, टर्नच्या शेवटी आडवे व्हा, पुढच्या टर्नला निम्मी चाल देऊन उठा. आडवं राहूनच बाण मारलात तर डिसॲडव्हान्टेज तुमच्याच गळ्यात पडतं. एका मैत्रिणीच्या एल्फने पूर्ण मोहीम अशी उठाबशा काढत काढली. दिसायला हास्यास्पद, पण ती मेली नाही.

समोरचा वर असेल तर

वर लिहिलेलं सगळं उलटं वाचा. त्याच्या पायथ्याशी पळा. मधले दोन टर्न वाईट जातील, त्यासाठी उंच भिंतींच्या लगत चाला, आणि शक्यतो त्याच्यापासून लांब असलेल्या भिंतींच्या, कारण त्यांची सावली मोठी असते. शेवटची धाव मात्र एकाच टर्नमध्ये व्हायला हवी. वॉरहॅमर ४०,०००मध्ये प्लंजिंग फायर मोडायला युनिटमधला एकजण वरच्या मजल्यावर चढवून ठेवा, बाकीचे खालीच राहू देत. पण सगळ्यात मोठा उपाय म्हणजे दुर्लक्ष. समोरच्याने दोन टर्न घालवून जिथे नेमबाज नेलाय, तिथून जे टेबल दिसत नाही त्या बाजूला खेळ न्यायचा. पुन्हा उतरायला त्याला दोन टर्न लागतील.

फासे टाकण्याआधी

दोन-तीन गोष्टी आधी बोलून घ्या. कुठल्या मजल्यावर उभं राहता येतं, पडका जिना चढता येतो की शोभेचा आहे, कठडा आडोसा धरायचा का. आणि डगमगणाऱ्या मॉडेलचं काय. तिरप्या छतावर बेस टिकत नसेल तर नेमकी जागा दोघांनी बघून तिथे एक फासा ठेवायचा आणि मॉडेल बाजूला काढायचं. नेम बघायच्या वेळी हाताने धरून बघायचं. धातूचं मॉडेल ६ इंचांवरून टेबलावर पडलं की नियमातलं नुकसान वेगळं आणि रंगाचं नुकसान वेगळं. तात्याच्या टोपीला मी दोनदा पुन्हा रंग दिला आहे.

परवाच्या डावात त्याला मी ३ इंचांच्या मजल्यावर ठेवलं, पडक्या खिडकीशी, कडेपासून सव्वा इंच आत. दाराशी ढालवाला. भाऊ आला, मनोऱ्याकडे बघितलं, रिकामा वरचा मजला बघितला, मग खाली वाकून खिडकीतून तात्याच्या नजरेच्या रेषेत डोळा लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘टॉर्च दे जरा.’